चिंचेला म्हणतो, मग भिंतेला का नाही? वाचन, गेम आणि व्याकरण यांचा रोजचा एक तास

चिंच, चिंचेला. भिंत, भिंतीला. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त, दोन्हींत तोच ‘इं’. तरी एकाला ‘ए’ लागतो आणि दुसऱ्याला ‘ई’. मराठी घरात वाढलेलं पहिली-दुसरीतलं पोर इथे सहसा अडखळत नाही, आणि पन्नाशीच्या पदवीधराला कारण विचारलं तर तो छताकडे बघतो. मीही बघितलं होतं. प्रश्न मुलीचा होता, गृहपाठ करताना विचारलेला, आणि त्या संध्याकाळी मला उत्तर देता आलं नाही.

तोवर माझे फावल्या वेळेचे दोन उद्योग होते. एक वाचन, लहानपणापासूनचं. दुसरा संगणकावरचे गेम, मुलीच्या संगतीने लागलेला आणि घरात थोडा लपूनछपून चालणारा. त्या प्रश्नामुळे तिसरा आला, व्याकरण. वर्षभरात लक्षात आलं की हे तीन उद्योग एकाच खुंटीला टांगलेले आहेत. चांगला गेम नियम सांगत नाही. तुम्ही भिंतीवर आपटता, खड्ड्यात पडता, आणि ‘अच्छा, असं आहे होय’ म्हणत नियम ओळखता. मातृभाषेचंही तसंच आहे. नियम आपल्याला येत असतात, माहीत नसतात. ते माहीत करून घेण्यात जी मजा आहे ती कोडं सुटण्याची मजा आहे, आणि ती रोज एका तासात मिळू शकते. कशी, ते पायरीपायरीने सांगतो.

आधी सामान

दोनशे पानी वही, पेन्सिल, जवळच्या ग्रंथालयाचं सभासदत्व आणि ब्राउझर चालेल असा कुठलाही संगणक. महागडं गेमिंग यंत्र नको; इथे सांगितलेल्यांपैकी एकही खेळ त्याची मागणी करत नाही. वहीत उजव्या पानावर लिहा आणि डावं पान कोरं सोडा. आठवड्याने तिथे काहीतरी सुचतंच.

वेळेची वाटणी सुरुवातीला अशी ठेवा: २० मिनिटं वाचन, २५ मिनिटं खेळ, १५ मिनिटं वही. मी ती कधीच तंतोतंत पाळली नाही. पण वही शेवटी ठेवायची हे मात्र पाळा. गेम शेवटी ठेवला की तासाचे दोन तास होतात आणि जेवण गार होतं.

पायरी १: रोज एक साधं वाक्य पकडा

वाचताना सुंदर वाक्याखाली रेघ मारायची सवय बहुतेकांना असते. इथे उलट करा. पानावरचं सगळ्यात साधं, कुणाचं लक्ष जाणार नाही असं वाक्य वहीत उतरवा. समजा असं:

म्हातारा जुनी छत्री घेऊन दारात उभा होता.

आता एकच गोष्ट बदला. म्हाताऱ्याची म्हातारी करा. ‘उभा होता’चं ‘उभी होती’ झालं. ‘जुनी’ जागची हलली नाही, कारण ती छत्रीची आहे, म्हातारीची नाही. म्हणजे एका शब्दाला धक्का दिल्यावर वाक्यातले कोणते शब्द हलतात त्यावरून कोण कुणाला बांधलेलं आहे ते कळतं. कॅरमच्या सोंगटीसारखं. शाळेत ‘विशेषण विशेष्याप्रमाणे बदलते’ असं पाठ केलं होतं. इथे ते डोळ्यांसमोर घडतं.

मग काळ बदला किंवा क्रियापद बदला. ‘म्हातारा छत्री उघडतो’ याचा भूतकाळ ‘म्हाताऱ्याने छत्री उघडली’. आता म्हातारीला आणा: ‘म्हातारीने छत्री उघडली’. क्रियापद हललंच नाही! आधीच्या वाक्यात ते कर्त्याच्या मागे होतं, इथे छत्रीच्या मागे गेलं. छत्रीऐवजी दरवाजा दिलात तर ‘उघडला’, कुलूप दिलंत तर ‘उघडलं’.

आणि आता गंमत. ‘विसरणे’ घाला. ‘म्हाताऱ्याने छत्री विसरली’ म्हणाल? कान नको म्हणतो. ‘म्हातारा छत्री विसरला’. छत्री कर्म आहे, काळ भूतकाळ आहे, तरी ‘ने’ नाही. अशा बंडखोर क्रियापदांची टोळी लहानशी आहे: विसरणे, शिकणे, पिणे, बोलणे, म्हणणे. ‘ती पाणी प्यायली’, ‘तो पोहणं शिकला’, ‘तो खोटं बोलला’. डाव्या पानावर या टोळीसाठी जागा ठेवा आणि वाचताना सापडेल तसा नवा सदस्य नोंदवा. माझ्याकडे वर्षभरात पान भरलं नाही, पण शोध संपलेलाही नाही.

पायरी २: चिंच एकीकडे, भिंत दुसरीकडे

ही पायरी घाईने उरकू नका. आठवडा द्या.

वहीच्या पानावर दोन रकाने आखा. वाचताना शेवटी ‘अ’ असलेला स्त्रीलिंगी शब्द भेटला की त्याला ‘ला’ लावून बघा आणि योग्य रकान्यात टाका. एकीकडे चिंचेला, वाटेला, मानेला, जिभेला, वेळेला. दुसरीकडे भिंतीला, विहिरीला, गोष्टीला, म्हशीला, बहिणीला, पंगतीला. तीसेक शब्द झाले की थांबा आणि बघत राहा. अर्थाने काही जुळत नाही. खाण्याचे शब्द एकीकडे, प्राणी दुसरीकडे असंही नाही. शेवटच्या अक्षरानेही नाही: ‘वाट’ आणि ‘खाट’ एका बाजूला, ‘गोष्ट’ दुसऱ्या बाजूला.

उत्तर स्वतः शोधायचं असेल तर पुढचा परिच्छेद आत्ता वाचू नका.

प्रत्येक शब्दाचं अनेकवचन लिहा. चिंचा, वाटा, माना, जिभा, वेळा. भिंती, विहिरी, गोष्टी, म्हशी, बहिणी, पंगती. ज्याचं अनेकवचन ‘आ’ने होतं त्याला विभक्तीआधी ‘ए’ लागतो. ज्याचं ‘ई’ने होतं त्याला ‘ई’. दोन वेगळी कुलुपं वाटत होती, त्यांना एकच किल्ली निघाली. प्रत्यय लागण्याआधी शब्द जे रूप घेतो त्याला सामान्यरूप म्हणतात. हे नाव आता लक्षात ठेवा, पुढे फार लागणार आहे.

मग नियमाची परीक्षा परक्या शब्दांवर घ्या. ‘फाईल’ इंग्रजीतून आली, आपण ‘फायली’ म्हणायला लागलो, आणि लगेच ‘फायलीत कागद लाव’ झालं. ‘पेन्सिल’, ‘पेन्सिली’, ‘पेन्सिलीने’. पण ‘बस’? तिचं ‘बसा’ही झालं नाही आणि ‘बशी’ तर भलतीच वस्तू. आपण ‘बसेस’ किंवा ‘बसगाड्या’ म्हणतो, आणि म्हणून ‘बसने’, ‘बसमध्ये’. शब्दात काही फरकच नाही. फाईल सून होऊन घरात आली, बस अजून पाहुणी आहे. तसंच ‘टेबलावर’ आणि ‘फोनवर’. कोणते शब्द माप ओलांडून आत आले ते सामान्यरूपावरून कळतं. हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं असतं तर मी विसरलो असतो.

पुस्तकं आहेतच, पण ती अंदाज बांधून झाल्यावर उघडा. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, तेव्हा त्यांचं वय बावीसच्या आसपास होतं. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. दामले आधीच्या व्याकरणकारांशी पानोपानी वाद घालतात, त्यामुळे ते अनपेक्षितपणे रंगतदार आहे; फक्त एका बैठकीत एक प्रकरण, जास्त नको. मो. रा. वाळंबे यांचं पुस्तक स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांच्या टेबलावर असतं. ते झटपट पडताळण्यासाठी उत्तम, रमण्यासाठी नव्हे. शब्दाचं लिंग किंवा मूळ बघायला मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर मोफत ठेवलेला आहे. तो उघडलात तर परत यायला वेळ लागेल, एवढा इशारा.

पायरी ३: महिन्यातून एक जुनं पुस्तक

ग्रंथालयात १९६२ च्या आधी छापलेलं एखादं पुस्तक मागा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, मुंबईचं १८९८ पासून. पण तालुक्याच्या गावातल्या वाचनालयातही मागच्या कपाटात असं पुस्तक निघतं. पानं पिवळी असतील, आणि डोक्यांवर टिंबंच टिंबं दिसतील: ‘तें पुस्तक त्यानें वाचलें’.

ही टिंबं पूर्वी नुसती शोभेची म्हणून नव्हती. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, आणि लिहिणाऱ्यांचे हाल वाचले हे खरंच. पण त्या टिंबात माहिती होती. आज ‘ती आली’ लिहिलं तर ती एक बाई असेल किंवा चार मुलं असतील. जुन्या छपाईत बाई ‘ती आली’ आणि मुलं ‘तीं आलीं’. ‘ने’वर टिंब तृतीयेचं, ‘लें’वर नपुंसकलिंगाचं.

अशा पुस्तकाचं एक पान घ्या आणि प्रत्येक टिंबाखाली ते का आहे ते पेन्सिलीने लिहा. अर्थात स्वतःच्या वहीत उतरवून घेऊन. ग्रंथालयाचं पुस्तक रंगवलंत तर ग्रंथपाल जे बोलतील ते मी लिहू शकत नाही.

पायरी ४: शब्द ढकलण्याचा खेळ

आता संगणक. पहिला गेम ‘बाबा इज यू’. फिनलंडच्या आर्वी तेइकारी यांनी केलेला, २०१९ मध्ये आलेला, विकत घ्यावा लागतो पण सेलमध्ये स्वस्त मिळतो. नावातला बाबा म्हणजे आपले बाबा नव्हेत. ते एक पांढरं, सशासारखं जनावर आहे.

खेळ सोकोबानसारखा, ठोकळे ढकलायचा. फरक इतकाच की ठोकळ्यांवर शब्द आहेत आणि ते शब्द ओळीत आले की नियम बनतो. भिंत–इज–स्टॉप अशी ओळ असेल तर भिंत अडवते. त्यातला एक ठोकळा बाजूला सारलात की नियम मोडतो आणि तुम्ही भिंतीतून आरपार जाता. झेंडा–इज–विन असेल तर झेंड्याला शिवलं की जिंकलात. पण झेंडा पलीकडे अडकला असेल तर ‘विन’ हा शब्दच ढकलत आणायचा आणि दगडाला जिंकण्याचं ठिकाण करायचं. बाबा–इज–यू हीच ओळ मोडलीत तर पडद्यावर तुमचं असं कुणीच उरत नाही. घाबरू नका, मागे जाता येतं.

खेळताना वही जवळ ठेवा आणि एक गोष्ट बघा. ‘इज’च्या पुढे गुण आला, जसं ‘दगड इज पुश’, तर दगडाला तो गुण मिळतो. ‘इज’च्या पुढे नाम आलं, ‘दगड इज झेंडा’, तर पडद्यावरचे सगळे दगड झेंडे बनतात. एकाच क्रियापदाचं काम पुढच्या शब्दाच्या जातीवरून ठरतं. मराठीत हे दोन ठोकळ्यांत भागलं नसतं: ‘दगड जड आहे’, पण ‘दगडाचा झेंडा झाला’. आपल्याला ‘चा’ही लागतो आणि वेगळं क्रियापदही.

म्हणून मी मुलीबरोबर याची कागदी आवृत्ती केली. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजू कापून पत्ते करा, पंधरा-वीस पुरेत: मांजर, उंदीर, मुलगी, पकडतो, पकडते, पकडतं, पकडला, पकडली, पकडलं, ने, ला, काल. आता मांडा:

मांजर उंदीर पकडतं.
उंदीर मांजर पकडतं.

दोन्ही वाक्यांत शिकार उंदराचीच होते. क्रम उलटला तरी ‘पकडतं’ मांजराला चिकटून आहे. आता फक्त शेवटचा पत्ता बदलून ‘पकडतो’ ठेवा. उंदराने मांजर धरलं! इंग्रजीत कोण कुणाला धरतं ते जागेवरून ठरतं, आपल्याकडे क्रियापदाच्या शेपटीवरून. हा कर्तरी प्रयोग.

मग ‘काल’चा पत्ता टाका. लगेच ‘ने’ लागतो आणि क्रियापद पक्ष बदलतं: ‘काल मांजराने उंदीर पकडला’. ‘पकडला’ उंदराचा झाला. हा कर्मणी प्रयोग. पुढे ‘ला’चा पत्ता उंदराला लावा. (पत्त्यावर ‘उंदीर’ आहे, तोंडात ‘उंदराला’ येतं; पत्ता खोडून दुसरा करावा लागतो, आणि सामान्यरूप पुन्हा भेटतं.) आता क्रियापद कुणाच्याच पक्षात नाही. मांजर मुळात नपुंसकलिंगी असल्याने शंका राहते, म्हणून तिथे मुलगी बसवा: ‘मुलीने उंदराला पकडलं’. ‘पकडली’ नाही, ‘पकडला’ नाही. हा भावे. तीन प्रयोग, पंधरा पत्ते, अर्धा तास. शाळेत मला यासाठी दोन वर्षं लागली होती आणि तरी आले नव्हते.

दोघंही एकाच लिंगाचे असले तर काय होतं, ‘वाघ बैल पकडतो’, ते मी सांगत नाही. मांडून बघा आणि ‘ला’ का आला असेल ते ओळखा.

पायरी ५: आज्ञा देऊन बघा

ही पायरी छोटी. चित्रंच नसलेले, नुसत्या शब्दांवर चालणारे गेम होते आणि आहेत. विल क्राउदर यांनी १९७६ मध्ये ‘कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा गुहेचा, असा एक सुरुवातीचा गेम लिहिला आणि पुढच्याच वर्षी डॉन वुड्स यांनी तो वाढवला. त्याला दोन शब्दांचीच आज्ञा कळे: क्रियापद आणि नाम. एमआयटीतल्या मंडळींनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ‘झॉर्क’ला पूर्ण वाक्य समजू लागलं: हे उचल, ते त्यात ठेव, दिव्याने उजेड कर. दोन्ही आज ब्राउझरमध्ये खेळता येतात. अडकाल, चिडाल. तो गेमचा धर्मच आहे, दोन संध्याकाळींपेक्षा जास्त चिडू नका.

आपलं काम वेगळं आहे. दिलेली प्रत्येक इंग्रजी आज्ञा वहीत मराठीत लिहा आणि विचार करा की हे यंत्राला कसं कळलं असतं. ‘दिवा उचल’ सोपं आहे. ‘डब्यात दिवा ठेव’? यंत्राच्या यादीत ‘डबा’ आहे, ‘डब्यात’ नाही. आधी ‘त’ तोडायचा, मग ‘डब्या’वरून ‘डबा’ शोधायचा. ‘पेटीत’ला फक्त ‘त’ तोडला की झालं. ‘विहिरीत’मध्ये शेवटची ‘ई’ काढायची आणि मधली ऱ्हस्व दीर्घ करायची. सामान्यरूपाचा जिना उलटा उतरायचा.

शब्दांऐवजी चिन्हांत रमणार असाल तर २०२३ चा ‘चँट्स ऑफ सेनार’ घ्या. एका उंच मनोऱ्यात थराथराला वेगळी लिपी वापरणारे लोक आहेत आणि संदर्भावरून अर्थ ताडायचे असतात. प्रत्येक भाषेचा शब्दक्रम आणि अनेकवचनाची रीत निराळी आहे. गेममध्येच वही दिलेली आहे. मला ते पाहून घरचा माणूस भेटल्यासारखं झालं.

पायरी ६: स्वतःचा गेम करा, मराठीत

खरा मळा इथे आहे. ख्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये आणलेलं ‘ट्वाइन’ हे मोफत साधन ब्राउझरमध्ये उघडा. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालतं. गोष्टीचा एकेक तुकडा एकेका चौकटीत लिहायचा, आणि दुहेरी चौकटी कंसात पुढच्या चौकटीचं नाव दिलं की दुवा तयार. असं:

जिन्याखाली अंधार आहे. [[जिना चढा->माडी]] किंवा [[परसात जा->परस]].

‘माडी’ आणि ‘परस’ या चौकटी आपोआप उगवतात. देवनागरी नीट चालते, फक्त युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर चिकटवलात तर भुताटकी दिसेल. आणि रोज उठताना संग्रहाची फाईल उतरवून ठेवा. ब्राउझरमधलं ट्वाइन सगळं ब्राउझरच्याच पोटात साठवतं. मी एकदा ‘सफाई’ करायला गेलो आणि अठरा चौकटींचा वाडा माझ्याच हाताने पुसला.

पहिला गेम दहा चौकटींचा करा: एक घर, तीन वस्तू, एक कुलूप. व्याकरणाची खोड निघते ती इथून पुढे, जेव्हा तुम्ही व्हेरिएबल, म्हणजे खेळताना भरली जाणारी नाव दिलेली रिकामी जागा, वापरता. (त्याचं नाव रोमन लिपीत ठेवा, आतला मजकूर मराठी चालतो.)

समजा खेळणाऱ्याने पेटी उघडली आणि त्यात जे असेल ते ‘मिळाले’. भाला असेल तर ‘मिळाला’, तलवार असेल तर ‘मिळाली’, नाणं असेल तर ‘मिळालं’, पाच नाणी असतील तर ‘मिळाली’. दगड एक असो की पाच, ‘दगड’च, पण क्रियापद ‘मिळाला’चं ‘मिळाले’ होतं. इंग्रजी गेममध्ये एक रिकामी जागा सोडून भागतं. आपल्याकडे वस्तू आपलं अख्खं बिऱ्हाड घेऊन येते.

म्हणून प्रत्येक वस्तूसाठी चार खाने ठेवा: नाव, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप. भाला, पुल्लिंग, भाले, भाल्या. तलवार, स्त्रीलिंग, तलवारी, तलवारी. नाणं, नपुंसक, नाणी, नाण्या. मग ‘तुम्ही अमुकने दार फोडलंत’ या वाक्यात नाव न घालता सामान्यरूपाचा खाना घाला: भाल्या + ने. नियम लिहिताना अपवाद आधी तपासा आणि सर्वसाधारण नियम ‘नाहीतर’मध्ये टाका. उत्सर्ग (म्हणजे सर्वसाधारण नियम) आणि अपवाद ही जोडी पाणिनीच्या परंपरेतली. सुमारे चार हजार सूत्रांत एक भाषा बसवणाऱ्या माणसाला ट्वाइन दिलं असतं तर, असा विचार मला दर वेळी येतो.

आता खेळणाऱ्याचं नाव. तो ‘सुरेश’ असेल तर ‘सुरेशने’. ‘गंगा’ असेल तर ‘गंगाने’ की ‘गंगेने’? नदी असेल तर गंगेने, शेजारची असेल तर गंगाने. गावाचं नाव विचारलंत तर ‘पुणे’चं ‘पुण्यात’, ‘गोवा’चं ‘गोव्यात’, ‘कोल्हापूर’चं ‘कोल्हापुरात’. खेळणारा काय टाइप करेल ते तुम्हाला माहीत नाही, तेव्हा खाने आधी भरता येत नाहीत. मी आठवडाभर यावर अडलो होतो. सुटका एका छापील अर्जाने केली. त्यावर होतं: ‘श्री./श्रीमती ________ यांना’. ‘यांना’! नाव तसंच्या तसं राहतं आणि प्रत्ययाचं ओझं ‘यां’च्या डोक्यावर जातं. ‘यांनी’, ‘यांचे’, ‘यांस’, ‘मौजे ________ या गावी’. सरकारी मराठीला आपण रुक्ष म्हणून हसतो, पण रिकाम्या जागेचं व्याकरण तिने केव्हाच सोडवून ठेवलंय. गेममध्ये ‘पुणे या शहरात’, ‘सुरेश यांनी’ असं लिहा. भाषा थोडी दरबारी होते. राजवाड्याचा गेम असेल तर ते खपूनही जातं.

राहिलं खेळणाऱ्याचं लिंग. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ हे विचारावं लागतं. ‘तुम्ही आलात’ म्हटलं तर नाही. ‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही दार उघडलंत’ सगळ्यांना चालतं. तेव्हा गेम ‘तुम्ही’त लिहा. पण सावध: ‘तुम्ही दमला आहात’ आणि ‘दमल्या आहात’ इथे फट पुन्हा उघडते. ती बुजवायची तर वाक्य फिरवा: ‘तुम्हाला थकवा आला आहे’. आता क्रियापद थकव्याच्या मागे गेलं, तुमच्या मागे नाही. पहिल्या पायरीत छत्रीने जे शिकवलं ते इथे कामाला आलं. ‘भूक लागली’, ‘भीती वाटली’, ‘शंका आली’: मराठीत माणसाला होणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळातच अशा, ‘ला’ लावून होतात. गेम लिहिणाऱ्याची ती चैन आहे.

पायरी ७: दुसऱ्यांना खेळायला द्या

ट्वाइनमधून एकच फाईल निघते, ती कुणालाही पाठवता येते. तीन जणांना पाठवा, आणि शक्यतो तीन वेगळ्या मुलखांतल्या. माझ्या कोल्हापूरकडच्या नात्यातली मुलगी खेळली आणि तिने कळवलं, ‘मी आता माडीवर जातो.’ ती चूक नाही; तिकडे बायका-मुली ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात. नागपूरकडच्या मित्राने ‘जाऊन राहिलो’ लिहिलं. ही त्या त्या बोलीची नियमबद्ध रूपं आहेत, आणि वहीत त्यांना स्वतंत्र पान हवं.

इथेच एक आजार सांगून ठेवतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लोकांच्या व्हॉट्सॲपवरच्या ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करण्याची खाज सुटते. मला सुटली होती. भाच्याच्या साखरपुड्याच्या निमंत्रणात मी दोन चुका दाखवल्या आणि साखरपुड्यात माझ्याशी कुणी धड बोललं नाही. खाज आली की वही उघडा, चूक तिथे लिहा, आणि ती का झाली असेल ते शोधा. चुकणाऱ्याच्या डोक्यातही काहीतरी नियम असतोच, आणि तो अनेकदा आपल्यापेक्षा सोपा असतो.

माझ्या गेममध्ये सध्या एकच खाना रिकामा आहे. ऊकारान्त शब्दांचा नियम लावत होतो. विंचू, विंचवाने. भाऊ, भावाने. सासू, सासवा. जळू, जळवा. पण चाकू, चाकूने. वस्तू, वस्तू. घरचे शब्द वळतात, फारसीतून किंवा थेट संस्कृतातून आलेले वळत नाहीत, असा अंदाज बांधला. मग स्वयंपाकघरातल्या चौकटीत डबा ठेवायची वेळ आली. आई म्हणाली, ‘लाडवांचा डबा’. मुलगी म्हणाली, ‘आजी, लाडूंचा डबा’. दोघी आपापल्या जागी ठाम. खाना अजून कोराच आहे, आणि खरा डबा या वादात रिकामा झाला.